कुत्र्याचं पिल्लू परत घरातच मुतलं? काय-काय तपासायचं ते क्रमाने

आधी लक्षणं बघा. तक्रार सगळ्यांची एकच असते, "घरात मुततं", पण मागचं कारण प्रत्येक घरात वेगळं निघतं, म्हणून खालच्यातलं तुमचं नेमकं कुठलं ते आधी ठरवा.

– अंगणात अर्धा तास हुंदडतं, कोंबड्यांच्या मागे धावतं, आणि उंबरठा ओलांडून आत आलं की दोन मिनिटांत शू.
– ठरलेल्या एकाच कोपऱ्यात करतं, कितीही पुसा.
– पायपुसणं, गोणपाट, गोधडी असलं काहीतरी शोधून त्याच्यावरच करतं.
– दिवसा बरं असतं, पहाटे उठून बघावं तर पडवीत थारोळं.
– मे महिन्यापर्यंत सुटलं होतं, मिरग लागला आणि परत सुरू.
– कोणी घरात आलं की किंवा कोणी आवाज चढवला की जागच्या जागी.
– थेंब-थेंब करत राहतं, दर दहा मिनिटांनी बसतं, कुंथतं, किंवा झोपेतच अंथरूण ओलं.

शेवटचं लक्षण असेल तर मधलं काही वाचत बसू नका, सरळ खाली दवाखान्याच्या भागात जा. ते सवयीचं नाही, दुखण्याचं आहे.

बाकीच्यांसाठी पुढचं. आमच्या देवगडच्या बाजूला कोणी गावठी पिल्लू उचलून आणतं, कोणी मुंबईहून लॅब्रॅडॉर घेऊन येतं आणि सुट्टी संपली की आजी-आजोबांच्या गळ्यात घालून जातं, मग पंधरा दिवसांनी फोन मला येतो, की बाई ये आणि बघ हे काय करतंय. इतक्या घरांतून हे निस्तरलंय की आता पडवीत पाय ठेवला की अर्धं कळतंच. आणि बहुतेक वेळा घोळ एकच असतो. आपल्याला वाटतं अंगण आहे, परडं आहे, दार दिवसभर उघडं आहे, त्यात शिकवायचं काय, आपोआप शिकेल. उघड्या घरात पिल्लू उलट उशिरा शिकतं. फ्लॅटमधल्या पिल्लाला दार उघडतं, जिना उतरतो, मग माती लागते, म्हणजे आत आणि बाहेर ह्यातला फरक रोज चारदा अंगावर येतो. आपल्याकडे खळं (पुढचं अंगण), पडवी, ओटी, माजघर सगळं एका ओळीत, त्यात खळं पण शेणाने सारवलेलं आणि पडवी पण. पिल्लाला भिंत आणि छप्पर कळत नाही हो, त्याला पायाखाली काय लागतं आणि नाकाला काय वास येतो एवढंच कळतं. त्याच्या हिशोबाने ते सगळं एकच अंगण आहे आणि तुम्ही उगाच ओरडताय.

आता तपासण्या. फुकटातल्या आधी, कष्टाच्या नंतर, खर्चाची शेवटी. वरून खाली ह्याच क्रमाने जा, कारण बऱ्याच जणांचं काम पहिल्या तीन-चारातच होतं आणि लोक मात्र आधी ऑनलाइन स्प्रे मागवतात.

१. पिल्लाचं वय आणि भिंतीवरचं घड्याळ

पिल्लू किती महिन्यांचं त्यात एक मिळवा, साधारण तितके तास ते जास्तीत जास्त धरू शकतं. म्हणजे दोन महिन्यांचं असेल तर तीन तास, आणि ते सुद्धा झोपलेलं असताना. जागं, खेळणारं पिल्लू तासाभरात मोकळं होणारच. तुम्ही सकाळी सातला बाहेर काढलंत आणि मग आंबे भरायला गेलात ते अकराला आलात तर मधे जे झालं ती पिल्लाची चूक नाही, त्याची मूत्राशयच तेवढी आहे.

वेळा लक्षात ठेवायला सोप्या आहेत: झोपून उठलं की लगेच, खाल्ल्यावर पाच ते तीस मिनिटांत, पाणी ढोसलं की थोड्या वेळात, आणि खेळता-खेळता मधेच थांबून जमीन हुंगत गोल फिरायला लागलं की त्या क्षणाला. खाल्ल्यावर शी येते ती पोटात अन्न पडलं की आतडं हलायला लागतं म्हणून, ती त्याच्या हातात नसते. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा खायला लागतं, ते ठरलेल्या वेळीच द्या आणि पंधरा-वीस मिनिटांनी ताट उचला. दिवसभर ताट भरून ठेवलं तर शी पण दिवसभर कधीही.

तीन-चार दिवस कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा, कधी खाल्लं, कधी केलं, कुठे केलं. आमच्याकडे दूधवाल्याचा हिशोब जिथे लिहितात तिथेच. मला फोन येतो तेव्हा मी पहिलं हेच विचारते आणि नव्वद टक्के लोकांना माहीत नसतं, नुसतं "सारखं करतं" एवढंच सांगतात. लिहिलं की दिसतं, सारखं नाही करत, चहाच्या वेळेनंतर करतं, कारण तेव्हा सगळे गप्पा मारत बसलेले असतात.

२. बाहेर सोडता, की बाहेर नेता?

हा सगळ्यात मोठा मुद्दा, इथे जरा थांबते.

दार उघडून "जा" म्हणणं म्हणजे बाहेर नेणं नाही. पिल्लू एकटं अंगणात गेलं की त्याला मांजर दिसतं, सुकत घातलेली आमसुलं दिसतात, गडग्यावरचा सरडा दिसतो, शू राहते बाजूला. मग ते तुमच्या मागे घरात येतं, शांत वाटतं, जीव स्थिरावतो आणि तेव्हा आठवतं. वरचं पहिलं लक्षण ते हेच.

तर, दोरी लावून स्वतः न्यायचं. रोज त्याच जागी, परड्यातला एखादा कोपरा, माडाच्या बुंध्याशी, कुठेही पण एकच. तिथे जाऊन खांबासारखं उभं राहायचं, बोलायचं नाही, खेळायचं नाही, मोबाईल पण नको कारण तुम्ही मान खाली घातलीत की नेमकं तेव्हाच होतं आणि शाबासकी हुकते. पाच-सात मिनिटं. केलं की होता-होता हलक्या आवाजात ठरलेला एक शब्द म्हणा आणि संपल्या-संपल्या तिथेच, जागेवरच, खाऊ द्या. घरात येऊन डब्यातून काढून दिलात तर पिल्लाला वाटतं घरात आल्याबद्दल मिळालं. उकडलेल्या अंड्याचा नखाएवढा तुकडा पुरतो, उकडलेलं चिकन चालतं. तो ठरलेला शब्द घरात सगळ्यांचा एक हवा, आजी एक म्हणते, पोरं दुसरंच, बाबा नुसती शिट्टी मारतात, असं नको.

आणि हे फार कमी लोक करतात: शू झाली रे झाली की ओढत घरात आणू नका. दोन-चार मिनिटं तिथेच खेळू द्या. नाहीतर पिल्लू हुशार असतं, ते शिकतं की मुतलं की मजा संपते, मग ते मुद्दाम लांबवत राहतं आणि तुम्ही कंटाळून आत येता. "अर्धा तास फिरवलं तरी करत नाही" म्हणणाऱ्या घरांत बहुतेक हेच चाललेलं असतं.

नाही केलं तर? आत आणा पण मोकळं सोडू नका, मांडीवर घ्या किंवा दोरी हातात ठेवा, दहा-पंधरा मिनिटांनी परत त्याच जागी. कंटाळवाणं आहे, मान्य. पण दोनेक आठवडे मनापासून केलंत तर फरक दिसतोच.

३. ओरडणं बंद करून बघा

नाक शूमध्ये घासणं, वर्तमानपत्राची गुंडाळी करून मारणं, हे अजून चालतं आपल्याकडे, थोरामोठ्यांना वाटतं त्याशिवाय कळत नाही. कळतं, पण वेगळंच. पिल्लू शिकतं की ह्या माणसांसमोर मुतलं की मार बसतो. मग ते बाहेर तुमच्यासमोर पण करत नाही आणि घरात माच्याखाली, तांदळाच्या कोठीमागे, देव्हाऱ्याच्या बाजूला जाऊन करतं. त्यावर लोक म्हणतात बघा कसं मुद्दाम देवाकडे जाऊन केलंन. मुद्दाम काही नाही, तिथे दुपारी वर्दळ नसते एवढंच. सोवळ्याचं घर असेल तर तो भाग सरळ अडवून टाका, वाद कशाला.

"पण त्याला माहीत असतं, तोंड बघा कसं करतं." ह्यावर २००९ साली अलेक्झांड्रा हॉरोविट्झ ह्या संशोधक बाईंनी प्रयोग केला होता. कुत्र्याला खाऊ खायची मनाई करायची, मालक बाहेर, आणि परत आल्यावर काही मालकांना खोटंच सांगायचं की ह्याने खाल्ला. तर कान पाडून अपराधी तोंड करणं हे कुत्र्याने खाल्लंय की नाही ह्यावर ठरत नव्हतं, मालक ओरडला की नाही ह्यावर ठरत होतं. म्हणजे ते तोंड तुमच्या आवाजाचं आहे.

करताना रंगेहाथ दिसलंच तर टाळी वाजवा, उचला आणि जागेवर न्या, उरलेली तिथे झाली तर शाबासकी. नंतर दिसलं तर गप पुसायचं. पाच मिनिटांपूर्वीच्या थारोळ्याचा आणि तुमच्या रागाचा संबंध त्याला लागत नाही.

४. ताटात काय पडतंय?

शी पातळ असेल तर आधी दूध बंद करून बघा. आईपासून तुटलेल्या पिल्लाला गाई-म्हशीचं दूध बऱ्याचदा पचत नाही, त्यातली साखर पचवणारं द्रव्य वय वाढेल तसं कमी होत जातं, आणि मग जुलाब. आपल्याकडे पिल्लू आलं की पहिलं काय तर वाटीभर दूध-पोळी, आणि दुसऱ्या दिवशी माजघरभर रांगोळी. जुलाब लागलेलं पिल्लू धरून ठेवूच शकत नाही, त्याला शिस्त कसली लावणार.

दुसरं पेज. पेज वाईट नाही पण ती जवळजवळ पाणीच, रात्री आठला वाटी भरून पेज पाजलीत तर दोन वाजता पडवीत तळं होणारच. रात्रीचं जेवण जरा लवकर, सात-साडेसातपर्यंत, आणि घट्टसर द्या.

तिसरं खास आपल्या किनाऱ्यावरचं. खारवलेला बांगडा, वाळत घातलेली मासळी, त्याची डोकी, कालवणाचं उरलंसुरलं. त्यात मीठ भरपूर, मिठाने तहान, तहानेने पाणी आणि पाण्याने शू. एका घरी दिवसभर ठीक आणि फक्त मासळी सुकवायच्या दिवसांतच गडबड व्हायची, कारण पिल्लू वाळवणाखाली बसून पडेल ते चरत होतं, कोणाचं लक्षच नव्हतं. कालवणात कांदा-लसूण असतं, ते कुत्र्याला असंही चांगलं नाही, तेव्हा मसाल्याचं काही नको.

पाणी मात्र तोडू नका. आपल्याकडच्या उकाड्यात पिल्लाला पाणी कमी देणं म्हणजे जिवाशी खेळ. झोपायच्या तास-दीड तास आधी भांडं उचललं तर चालतं, ते सुद्धा एप्रिल-मे मध्ये नको.

५. घरात मोकाट आहे का?

इथपर्यंत सगळं केलं आणि तरी होतंय तर बघा की तुमची नजर नसताना पिल्लू किती घरभर फिरतं. नियम सोपा: नजरेसमोर, नाहीतर अडवलेल्या जागेत, नाहीतर बाहेर तुमच्याबरोबर. चौथी जागा नाही.

ह्याला खर्च नाही फार. आंब्याचे प्लास्टिकचे क्रेट सगळ्यांकडे पडलेले असतात, ते उभे लावून ओटीचा एक कोपरा अडवा, दोरीने एकमेकांना बांधा म्हणजे ढकलून पाडणार नाही. जागा एवढीच ठेवा की पिल्लू आडवं होईल, वळेल, उभं राहील. का? कुत्रं सहसा झोपायच्या जागेत घाण करत नाही, तीनेक आठवड्यांचं असल्यापासून ते झोपायच्या जागेपासून बाजूला जाऊन करायला लागतं. जागा फार मोठी दिलीत तर एका टोकाला झोपेल आणि दुसऱ्या टोकाला करेल, मग उपयोग शून्य. आणि वर सांगितलेले तास ओलांडून कोंडून ठेवू नका, नाइलाजाने झोपायच्या जागेत करावं लागलं की ती नैसर्गिक शिस्तच मोडते. दुकानातून पिंजऱ्यातलं पिल्लू आणलं असेल तर ती बऱ्याचदा आधीच मोडलेली असते, अशा पिल्लांना दुप्पट वेळ धरा.

कामं करायची असतील तर दोरीचं दुसरं टोक आपल्या कमरेला बांधा. स्वयंपाक करता-करता पिल्लू मागे-मागे, आणि हुंगायला लागलं की लगेच कळतं. खांबाला बांधून निघून जाणं हे मात्र वेगळं, ते नको, पिल्लू गुरफटतं.

पायपुसणं-गोधडीवालं लक्षण असेल तर इथेच उत्तर आहे. साधारण पाच ते नऊ आठवड्यांच्या वयात पिल्लू ज्या पृष्ठभागावर करतं तोच त्याला पुढे बरोबर वाटतो. मांगरात पेंढ्यावर, गोणपाटावर वाढलेलं पिल्लू तुमच्याकडे आलं की गोणपाटासारखं काय दिसतं? दारातलं पायपुसणं. महिनाभर सगळी पायपुसणी उचलून ठेवा आणि त्याच गोणपाटाचा एक तुकडा बाहेरच्या ठरलेल्या जागी टाका, मग तो रोज थोडा-थोडा लहान करत न्या. वर्तमानपत्रावर शिकवलेल्या पिल्लांचं पण तसंच, ती रविवारची पुरवणी जमिनीवर दिसली की आधी तिच्याकडेच जातात.

६. वास खरंच गेलाय का?

आता घाम गाळायचा भाग. एकाच कोपऱ्यात करत असेल तर तिथे वास आहे, तुम्हाला येत नसला तरी. फिनेल टाकलं की आपल्याला स्वच्छ वाटतं पण फिनेल वासावर वास चढवतं, खालचं काढत नाही, शिवाय पिल्लू त्यावरून चालून पाय चाटतं, ते पोटात जाणं वाईट. अमोनियावालं क्लीनर तर नकोच, लघवीच्या वासाच्या जवळचा वास तो. आणि पावसात चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं म्हणून आपण ब्लीचिंग पावडर मारतो ना, ती ओल्या लघवीवर अजिबात टाकू नका, त्यातून घशाला झोंबणारा विषारी वायू निघतो.

जमिनीप्रमाणे इलाज वेगळा.

लादी असेल तर आधी कापडाने टिपून घ्या, मग साधं पाणी, मग एन्झाइमवालं क्लीनर टाकून ते बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ ओलं राहू द्या. लगेच पुसलंत तर पैसे वाया, कारण ते वासाची द्रव्यं तोडायला वेळ घेतं. व्हिनेगर-पाणी निम्मं-निम्मं पण चालतं, फक्त सिरॅमिकच्या लादीवर. कोबा, सिमेंट, संगमरवर असेल तर व्हिनेगर नको, आम्लाने पृष्ठभाग खातो.

चिरा म्हणजे जांभा, बारीक छिद्रांचा दगड, त्यात लघवी मुरते. तिथे एकदा पुसून भागत नाही, एन्झाइमचं तीन-चार वेळा, मधे पूर्ण वाळू देऊन, आणि शक्य असेल तर ऊन लागू दे.

शेणाची जमीन असेल तर वरून नुसतं सारवू नका. बहुतेक बायका तेच करतात, मी पण बघते, डाग दिसला की शेणाचा हात फिरवला. वास खाली तसाच राहतो. ओली माती बोटभर खरवडून काढा, बाजूला ठेवा, सुकी माती भरा, चोपा, मग सारवा. आणि ती काढलेली माती फेकू नका, ती पिल्लाच्या बाहेरच्या ठरलेल्या जागी टाका, त्याला तिथे वास सापडतो आणि जागा पटते.

आता मिरगाचं कोडं. उन्हाळ्यात सुटलेलं पिल्लू जूनमध्ये परत का सुरू होतं? वाळलेल्या लघवीतले क्षार दमट हवेतलं पाणी ओढून घेतात आणि वास परत उठतो. मार्चमधला नीट न निघालेला डाग जूनमध्ये पिल्लाच्या नाकाला ताजा लागतो. म्हणून ही साफसफाई मे संपायच्या आत उरका, एकदा पाऊस लागला की काही वाळत नाही.

७. पावसातली आणि रात्रीची जागा

कोकणातला पाऊस म्हणजे चार महिने, आणि दोन महिन्यांच्या पिल्लाच्या पोटाला ओलं गवत लागलं की ते मागे फिरतं. त्यात काही हट्ट नाही. परड्यातला चारपाच हात चौकोन गवत कापून मोकळा ठेवा, घरापासून जवळचा, आणि वर जुना पत्रा नाहीतर माडाच्या चुडतांचे झाप घाला. तेवढं नाही जमलं तर पडवीच्या अगदी कडेला, पागोळ्यांच्या आत, पसरट क्रेटमध्ये प्लास्टिक घालून तांबडी माती भरा, आठवड्याला माती बदला. पाऊस कमी झाला की तो क्रेट दर दोन-तीन दिवसांनी हातभर बाहेर सरकवत न्या. एकदम उचलून टाकलात तर पिल्लू क्रेट जिथे होता तिथेच करणार.

मोठी छत्री घेऊन तुम्ही बरोबर जा. तुम्ही दारात उभं राहून त्याला पावसात ढकलत असाल तर ते तुमच्याकडेच बघत बसणार.

रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकू नका. फुरसं, हा विषारी साप, आपल्याकडे पालापाचोळ्यात, चिऱ्यांच्या ढिगात असतं, दिसत नाही, आणि पिल्लू आधी नाक घालतं. बिबट्याचा वावर असलेल्या वाडीत तर रात्री दोरीशिवाय सोडणं नाहीच, कुत्रं त्याचं आवडतं भक्ष्य. अंगणातला दिवा लावा, दोन मिनिटांत उरका, गप्पा नाहीत, खेळ नाही, परत झोप. साधारण चार महिन्यांचं झालं की बहुतेक पिल्लं रात्री पाच-सहा तास काढतात, तोवर मधे एकदा गजर लावून उठायला लागतं, त्याला पर्याय नाही.

लसी पूर्ण व्हायच्या आत आपल्या गडग्याच्या आतच फिरवा. रस्त्यावर, एस्टी स्टॅंडवर गावची कुत्री जातात तिथे पार्व्होचे (रक्ताच्या जुलाबाचा जीवघेणा रोग) विषाणू मातीत महिनोन्‌महिने राहतात.

८. हे शिस्तीचं नाहीच असं निघालं तर

पाहुणा आला की शेपूट हलवत जागीच शू, किंवा कोणी अंगावर वाकलं की पोट दाखवून शू. हा आनंदाचा नाहीतर भीतीचा प्रकार, मोठं होताना बहुतेकांचा जातो. आल्या-आल्या वाकून कुरवाळायचं नाही, डोळ्याला डोळा द्यायचा नाही, मिनिटभर दुर्लक्ष, मग खाली बसून त्याच्या छातीला हात लावायचा. ओरडलात तर वाढतो. गणपतीत घरात चाकरमान्यांची गर्दी, आरत्या, फटाके, शिमग्यात ढोल, तेव्हा आधी शिकलेलं पिल्लू पण आठ-दहा दिवस बिघडतं. अशा दिवसांत पिल्लू दोन महिन्यांचं आहे असं समजून तासातासाला न्या, गर्दी पांगली की जागेवर येतं.

सहा महिन्यांच्या पुढचा नर पाय वर करून खुर्चीला, खांबाला थोडी-थोडी लावत असेल तर ती हद्द आखतोय, नसबंदीने बऱ्याच जणांचं कमी होतं, डॉक्टरांशी वय बघून बोला. मादी माजावर आली की पण जास्त वेळा मुतते, तेवढ्यापुरतं.

९. इथे थांबा आणि डॉक्टर गाठा

ह्यातलं एक जरी दिसलं तरी घरगुती प्रयोग बंद:

– कुंथतंय आणि लघवी येतच नाही, किंवा बारा तासांत झालीच नाही. हे त्याच दिवशी, रात्र असली तरी.
– रक्ताची शी, उलट्या, पिल्लू मलूल. पार्व्हो असू शकतो, पिल्लू एक-दोन दिवसांत हातचं जातं, उद्यावर ढकलू नका.
– लघवी कॉफीसारखी काळपट, हिरड्या पांढुरक्या, ताप. गोचीड तापात असं होतं आणि पावसाळ्यात गोचीड आपल्याकडे भरपूर.
– डोळे पिवळे, ताप, खाणं बंद. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा रोग) धरून चला. भातशेतीच्या, उंदरांच्या प्रदेशात राहतो आपण, आणि लेप्टो कुत्र्याच्या लघवीतून माणसाला पण होतो, तेव्हा पुसताना हातमोजे घाला आणि पायाला जखम असेल तर अनवाणी नको. लसीकरण करताना लेप्टोची लस त्यात आहे का ते विचारून घ्या.
– थोडी-थोडी, सारखी, लघवीत रक्त किंवा घाण वास. मूत्रमार्गाचा संसर्ग, माद्यांना जास्त होतो, औषधाने बरा होतो पण औषध डॉक्टरांनी ठरवायचं, मेडिकलवाल्याने नाही.
– झोपेत किंवा चालताना सतत थेंब गळतात, लहानपणापासूनच. काही पिल्लांत मूत्रवाहिनी जन्मतःच चुकीच्या जागी जोडलेली असते, लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, हस्की माद्यांत हे जास्त सापडतं. अशा पिल्लाला कितीही शिकवा, ते धरूच शकत नाही.
– पाणी फारच पितं. मोजून द्या, चोवीस तासांत दर किलो वजनामागे १०० मिलीच्या वर जात असेल तर तपासणी हवी.
– शी सारखी पातळ, पोट फुगलेलं, अंग भरत नाही. जंत. लहान पिल्लाला दर पंधरा दिवसांनी आणि दोन महिन्यांनंतर सहा महिन्यांचं होईपर्यंत महिन्याला जंताचं औषध लागतं, वजन करून.

आणि काहीच दुखणं दिसत नाही पण वरचं सगळं तीन-चार आठवडे प्रामाणिकपणे करून काडीचा फरक नाही, तरी सुद्धा आधी लघवीची तपासणी करा, मग ट्रेनर शोधा. उलट क्रमाने गेलात तर ट्रेनरचे पैसे पाण्यात जायची शक्यता मोठी.

तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासणी, जंताचं औषध होतं, जाताना पिल्लाचं लसीचं कार्ड, तो कॅलेंडरमागचा हिशोब आणि लघवीचा नमुना घेऊन जा. नमुना सकाळचा पहिला, पिल्लू बसलं की मागून उथळ ताटली सरकवायची आणि स्वच्छ कोरड्या बाटलीत ओतायचं, जमिनीवरून पुसून घेतलेलं चालत नाही. तासाभरात पोचणार नसाल तर बाटली घट्ट पिशवीत बांधून फ्रिजमध्ये, फ्रीझरमध्ये नाही, आणि पिशवीवर मोठ्या अक्षरात लिहा नाहीतर घरात कोणीतरी कोकम सरबत समजेल. सोनोग्राफी किंवा मूत्रवाहिनीची तपासणी सांगितली तर ती गावात होत नाही, कोल्हापूर, गोवा किंवा मुंबईत परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यापर्यंत जायला लागतं, तेव्हा आधी फोन करून वेळ घ्या आणि पिल्लाला उपाशी आणायचं की पोट भरून, तेही त्याच फोनवर विचारा.